डोळे उघडे ठेवणारी

सोमवार, ता. ३

पोहोचलो. शाळेला सुटी आहे म्हणून आमची सोय शाळेतच केली आहे. पुरुषांना चौथीचा वर्ग, बायकांना पहिलीचा. या वयात पुन्हा पहिलीत बसायची वेळ आली. बुटके बाक जोडून त्यावर गाद्या टाकल्यात, कूस बदलली की मधली फट टोचते. फळ्यावर कुठल्याशा पोरानं बदक काढून ठेवलंय. ते पुसायला आमच्यापैकी कुणाचा हात झाला नाही.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला चर्चतर्फे आलेले आम्ही पाच जण. पाळकसाहेब, गाडीही तेच चालवतात. मोठ्या बाई, ज्यांच्या प्रार्थनेचा आमच्या मंडळीत फार लौकिक आहे. एक नवं जोडपं, ज्यांची वर्गांमुळे ताटातूट झाल्यानं दोघंही हिरमुसलेत. आणि मी. माझी निवड झाली कारण जिची झाली होती तिचा पाय मुरगळला. पाळकसाहेबांनी विचारल्यावर विचार करून सांगते म्हणायचं सोडून मी लगेच येते म्हणून बसले. खरं सांगायचं तर घरात संध्याकाळी फार शांत असतं. प्रवासाला निघालेल्या माणसाला निदान "आवरलं का" असं कुणी तरी विचारतं.

जेवणानंतर नियम सांगितले. आजाऱ्याला आधी विचारायचं, परवानगीशिवाय हात ठेवायचा नाही. बरे व्हाल असं वचन द्यायचं नाही. औषध बंद करा असं तर चुकूनही म्हणायचं नाही. जोडीनं जायचं, एकानं डोळे मिटून प्रार्थना करायची आणि दुसऱ्यानं डोळे उघडे ठेवायचे. आजारी माणूस दमलंय का, शेगडीवर काही उतू जातंय का, कुणाला अवघडल्यासारखं होतंय का, हे त्यानं बघायचं. माझी जोडी मोठ्या बाईंशी. मी घाईघाईनं सांगून टाकलं की मी डोळे उघडे ठेवीन. बाई हसल्या. म्हणाल्या, जन्मभर बसच्या तिकीट खिडकीत बसलेल्या बाईला डोळे मिट म्हणून तरी काय उपयोग.

त्यांना ठाऊक नाही. हे गेल्यापासून माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही. रविवारी ओठ हलवते, आमेन सगळ्यांच्या आधी म्हणते, पण आत काही नसतं. फोनची रिंग नुसती वाजत राहते, पलीकडून कुणी उचलत नाही. इथे येऊन उचलतील अशी आशा आहे. बघू.

मंगळवार, ता. ४

दिवसभर घरं. गिरणीच्या कामगारांसाठी बांधलेल्या इमारती, सगळ्या एकाच साच्यातल्या. दोनदा चुकून एकाच घरी गेलो, त्या माणसानं दोन्ही वेळा तितक्याच प्रेमानं "आम्हाला नको" म्हणून दार लावलं.

एका आजोबांनी सांगितलं, माझ्यासाठी नको, वरच्या मजल्यावरच्या बाईचा आवाज बसावा म्हणून करा. मोठ्या बाईंनी त्या बाईला शांती लाभावी म्हणून केली. आमेन म्हणताना आजोबांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मला इतकं हसू आलं की खोकल्याचं नाटक करावं लागलं.

शेवटी दोन बहिणींच्या घरी गेलो. जिना भलताच उभा. बाईंचे गुडघे कामातून गेलेले, दर वळणावर थांबून त्या कठडा धरत होत्या, पण परत फिरू या का म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारले. एकच खोली. खिडकीशी शिलाई मशीन, शेजारी शाळेच्या सदऱ्यांच्या कॉलरचा ढीग. धाकटी शिवते, थोरली धुलाईच्या कारखान्यात इस्त्री करते. दोघींचं दुसरं कुणी नाही. धाकटीच्या पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी पुढच्या बुधवारची तारीख दिलीय आणि बजावलंय की आता लांबवू नका. हिला मात्र कापण्याची धास्ती. भूल दिली आणि पुन्हा जागच आली नाही तर, हे तिनं आम्हाला निदान तीनदा विचारलं.

बाईंनी येशूबद्दल सांगितलं, त्यांच्या नेहमीच्या साध्या भाषेत, शेजारच्या माणसाबद्दल सांगावं तसं. थोरली म्हणाली, देवाबिवाचं आम्हाला फारसं कळत नाही, पण आमच्यासाठी कुणी एवढा जिना चढून आलं यातच बरं वाटलं. मग बाईंनी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी नियमाप्रमाणे डोळे उघडे ठेवले. बघते तर थोरलीचेही उघडे. दोघींच्या वाकलेल्या डोक्यांवरून आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनाही कसंसंच झालं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ते बंद होतं.

बाई ह्यांच्यासाठीही अशाच यायच्या, दर मंगळवारी. हे म्हणायचे, "हलकं वाटतंय बाई." बाईंची पाठ वळली की ओकायला तस्त मागायचे. भिडस्त माणूस. पुढे एका रविवारी मंडळीसमोर उभे राहिले आणि देवानं मला बरं केलं अशी साक्षही दिली. त्यानंतर मात्र खरंच उतार पडला होता. रात्री विचारलं की म्हणायचे, आज दुखत नाही, तू झोप. मीही झोपायचे. लग्न झाल्यापासून इतकी गाढ झोप मला कधी लागली नव्हती. ती देवाची कृपाच म्हणायची. मग एकाएकी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत.

गुरुवार, ता. ६

विशेष काही नाही. जोडप्यातल्या नव्या सूनबाईंनी सूपमध्ये दोनदा मीठ घातलं. नवरोबांनी "छान झालंय" म्हणून दोनदा वाढून घेतलं आणि मग तांब्याभर पाणी प्यायले. आम्ही बाकीच्यांनी पाव खाल्ला.

मुलाचा फोन आला होता. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो, बरी आहे, माझी काळजी करू नकोस. मग त्याला मीटिंग होती. मी आवारातल्या घसरगुंडीच्या पायरीवर बसून बोलत होते. फोन संपल्यावरही तशीच बसून राहिले, कारण आत वर्गात जोडपं भांडण मिटवत होतं. कुणाच्या मध्ये जाऊन बसावं इतकं माझं इथे कुणी नाही. बाई चांगल्या आहेत, पण त्या सगळ्यांच्याच असतात.

शुक्रवार, ता. ७

आज जे झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे मलाच कळेल.

बहिणींकडे दुसऱ्यांदा गेलो. धाकटीनंच दार उघडलं. चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. म्हणाली, मंगळवारपासून दुखणं गेलं. गाठ हाताला लागत नाही. बाईंना बसायला दिलं, स्वतः चहा टाकला, कॉलरचा गठ्ठा उचलून खिडकीवर ठेवून दाखवला. थोरली इस्त्रीच्या कामावरून नुकतीच आली होती. ती बहिणीकडे बघत रडत होती आणि हसतही होती. बाईंनी दोन्ही हात वर करून देवाचे आभार मानायला सुरुवात केली. शेजारच्या दोघी-तिघी दारात जमल्या. सगळ्यांचे डोळे मिटलेले. थोरलीनंही आज मिटले होते.

माझे उघडे होते. गठ्ठा ठेवल्यापासून धाकटीनं मशीनची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती. पायाची बोटं चपलेत आवळली गेली होती. तिनं श्वास कोंडून धरला आणि थोड्या वेळानं हळूहळू सोडला. मग तिनं वर बघितलं, आणि मी बघतेय हे तिनं बघितलं. ती माझ्याकडे बघून हसली. असं हसणं मी तिकीट खिडकीतून खूप बघितलंय, पास घरी राहिला म्हणणाऱ्यांचं.

संध्याकाळी सगळे आनंदात. पाळकसाहेब म्हणाले, देवाची स्तुती असो, पण डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. बाई म्हणाल्या, दाखवतील की, आधी रविवारी साक्ष होऊ दे. रविवारी शाळेच्या सभागृहात उपासना आहे, धाकटी तिथे उभी राहून सांगणार आहे. थोरलीनं तर निघताना आम्हाला विचारलंही, मग आता बुधवारी कशाला जायचं?

आमच्या लोकांत एकदा साक्ष दिली की दिली. चार माणसांसमोर "बरं झालं" म्हटलेलं माणूस चार दिवसांनी दवाखान्याची पायरी कसं चढणार? कुणी अडवत नाही. त्यालाच तोंड दाखवायला जागा उरत नाही.

पण मी सांगू कुणाला आणि काय? की मला तिची बोटं पांढरी दिसली? बाई म्हणतील, नुकती आजारातून उठलेली बाई आहे, थकली असेल. आणि असेलही. दुसरं असं की मला माझाच भरवसा वाटत नाही. माझ्या माणसाला जे मिळालं नाही ते हिला मिळालं, हे मला बघवत नाहीये का? तसं असेल तर माझ्याइतकी वाईट बाई कुणी नसेल. आणि तसं नसेल तर गप्प बसणं त्याहून वाईट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शनिवार, ता. ८

दुपारी बाई आडव्या पडल्या होत्या तेव्हा एकटीच निघाले. शालीची कड उसवलीय, शिवून आणते, असं सूनबाईंना सांगितलं. कड खरोखरच उसवली होती, आणि ती जाता जाता मीच बोटांनी आणखी उसवली.

दार नुसतं लोटलेलं होतं. थोरली कामावर गेली होती. धाकटी कॉलरच्या ढिगावर पोटाशी पाय घेऊन पडली होती आणि एक कॉलर तिनं दातात धरली होती. मला बघून उठायला गेली. मी म्हटलं, राहू दे, मला चहा नको. तिच्याजवळ जमिनीवर बसले. मग मी म्हटलं, दुखतंय ना?

ती म्हणाली, "मावशी, बाईंना सांगू नका. एवढे गुडघे दुखत असताना त्या जिना चढून आल्या. त्यांना काय म्हणू, की काही झालं नाही?"

मी म्हटलं, बाईंचं मी बघते, त्या खंबीर आहेत. निदान बहिणीला तरी सांग. तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "ताईला तर मुळीच नको. गाठ आहे हे कळल्यापासून ती झोपलीच नव्हती. मंगळवारी रात्री मी सांगितलं, आता दुखत नाही, तू झोप. इतकी गाढ झोपली, मावशी. मला इतकं बरं वाटलं तिला झोपलेली बघून."

पुढे ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी शालीची कड हातात धरून बसले होते.

तू झोप. तेच शब्द. मी झोपायचे, आणि हे माझ्या शेजारी जागे राहून मला झोपलेली बघत असणार. बाईंपुढे भिडस्त होते हे मला ठाऊक होतं. माझ्यापुढे ते तसे नाहीत असं मी धरून चालले होते. दिवसभर त्या खिडकीत बसून मी कुणाकुणाच्या थापा ओळखल्या, आणि घरी येऊन गाढ झोपले. माझ्या झोपेला मी कृपा म्हणत होते. ती ह्यांची होती. किती दुखत होतं हो तुम्हाला? आणि मला का नाही उठवलंत?

मी तिथे रडले. आजारी ती, आणि पाणी तिनं मला दिलं. मग मी तिला ह्यांच्याबद्दल सगळं सांगितलं, साक्षीचंही आणि उशिराचंही. म्हटलं, बहिणीची झोप मोडली तर चार दिवसांत परत येईल. माझी गेलेली झोप बघ, ती आता कुणाचीही प्रार्थना परत आणणार नाही. थोरली कामावरून येईपर्यंत थांबले. तिला धाकटीनंच सांगितलं, माझा हात धरून. थोरलीनं बहिणीच्या दातांचे व्रण पडलेली ती कॉलर उचलली, इस्त्रीच्या टेबलावर ठेवली आणि हातानंच सरळ करत राहिली.

बाईंना सांगणं त्याहून अवघड गेलं. पहिलीच्या वर्गात, बाकावर बसून, बदकाकडे बघत सांगितलं. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझ्या घरी झालं नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरी झालेलं तुला दिसत नाही." मी म्हटलं, बाई, मलाही आधी तेच वाटलं होतं. मग मी ह्यांचं सांगितलं, की तुम्ही दाराबाहेर पडलात की ते तस्त मागायचे.

त्या एवढंच म्हणाल्या, "दर मंगळवारी?"

मी हो म्हटलं. त्यांनी पाठ फिरवली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ. या गावात माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, तेही मी आज घालवलं.

रविवार, ता. ९

सकाळपासून बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. चहाचा कप मात्र माझ्यासमोर ठेवला.

सभागृह भरलं होतं. साक्षीची बातमी इमारतींमध्ये पसरली होती, डोळा मिचकावणारे आजोबासुद्धा आले होते. दोघी बहिणी मागच्या रांगेत बसल्या होत्या. साक्षीची वेळ आली तशी धाकटी मान खाली घालून उठू लागली. तेवढ्यात बाई काठी टेकत पुढे गेल्या.

बाई म्हणाल्या, "आज साक्ष नाही, एक विनंती आहे. आमच्या एका मुलीचं बुधवारी ऑपरेशन आहे. तिला दुखतंय आणि तिला भीती वाटतेय. ते तिनं मला सांगितलं नाही, कारण मी विचारलंच नाही. मी प्रार्थना केली आणि उत्तरही मीच देऊन टाकलं." मग त्या जागेवर येऊन बसल्या. मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. अजून वाटतंय की धरायला हवा होता.

बुधवार, ता. १२

पाळकसाहेब आणि जोडपं काल गाडीनं परत गेले. बाई म्हणाल्या, मी थांबते. मी म्हटलं, मीही. एवढंच बोलणं झालं.

इस्पितळाचा लांबच लांब व्हरांडा, हिरवा रंग कमरेपर्यंत, वर पांढरा. धाकटीला चाकांच्या खाटेवर घेऊन आले. तिला त्या हिरव्या अंगरख्यात बघून थोरलीचं अवसान गळालं. वॉर्डबॉय म्हणाला, काय बोलायचं ते पटकन बोला. मी सवयीनं खाटेच्या पायाशी, डोळे उघडे ठेवायच्या जागी जाऊन उभी राहिले. बाई डोक्याशी उभ्या होत्या. त्यांनी धाकटीला विचारलं, कशासाठी प्रार्थना करू? ती म्हणाली, जाग यावी म्हणून.

बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज तू कर. मी डोळे उघडे ठेवते."

मी म्हटलं, बाई, मला येत नाही. हे गेल्यापासून येतच नाही. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे, तू आमेन फार लवकर म्हणतेस.

मी जागा बदलली. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटले. मोठमोठे शब्द आठवेनात. मी म्हटलं, प्रभू, हिला जाग येऊ दे. हिला दुखेल तेव्हा हिच्याजवळचं माणूसही जागं असू दे, आणि हिला त्याला सांगता येऊ दे. आमेन सगळ्यांत शेवटी मी म्हटलं. फोन उचलला गेला की नाही मला सांगता येणार नाही. पण मी रिंग मोजत बसले नव्हते.

गाठ काढली. पुढच्या तपासण्यांचं काय येतं ते कळायला वेळ आहे, डॉक्टर आत्ताच काही सांगत नाहीत. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. थोरलीनं विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "ताई, खूप दुखतंय." थोरलीनं खुर्ची खाटेला चिकटवून घेतली आणि म्हणाली, सांग, कुठे कुठे दुखतंय. धाकटी सांगत राहिली. मी आणि बाई दारातूनच परत फिरलो. व्हरांड्यात बाईंनी माझा हात धरला, गुडघ्यांसाठी असेल.

शनिवार, ता. १५

घरी. सगळं जागच्या जागी आहे, धूळसुद्धा. ह्यांच्या बाजूची उशी उन्हात टाकली.

चहा घेत होते तेव्हा मुलाचा फोन आला. पोहोचलीस का? हो. जेवलीस का? हो. बरी आहेस ना?

तोंडावर आलेलं मी गिळलं. म्हटलं, "नाही रे. बरी नाहीये."

पलीकडे मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, मीटिंग असणार. मी वाट बघितली. त्यानं फोन ठेवला नाही. थोड्या वेळानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, "सांग."